दोनचा गजर

घरांतील प्रत्येक माणसाला कांहीं ना कांहीं काम असावें आणि तें त्याच्या लायकीबाहेरचें नसावें, असा आमच्या घरचा जुना दंडक आहे. गेल्या पावसाळ्यांत माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली तेव्हां या दंडकाप्रमाणें कामांची वांटणी झाली. बाळाला न्हाऊं घालणें, लाडू वळणें, औषधांच्या वेळा सांभाळणें, भेटीला आलेल्या बायकांना वेळेवर दारापर्यंत पोंचविणें, हीं सारीं जबाबदारीचीं कामें पत्नीनें आपणांकडे ठेवलीं. तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या माझ्या वांट्याला दोनच कामें आलीं. दूध काढण्याच्या यंत्राचे भाग धुऊन उकळणें हें एक, आणि रात्रीं दोन वाजतां मुलीला हांक मारून उठविणें हें दुसरें. पहिलें काम मीं चोख केलें. दुसऱ्या कामांत माझ्या हातून जो गुन्हा घडला, त्याची ही हकीकत आहे.

आमची नात पांच आठवडे आधींच जन्माला आली. पहिले बारा दिवस तिचा मुक्काम रुग्णालयांतील कांचेच्या पेटींत होता. चोखण्याची तिला इच्छा होती, पण शक्ति नव्हती. दोन घोट घेतले न घेतले तोंच तिचा डोळा लागे. बाळ अंगावर पिऊं शकत नाहीं, आणि तें पिऊं लागेपर्यंत दूध तर टिकवावयाचें, असा पेंच माझ्या मुलीपुढें पहिल्याच दिवशीं पडला. प्रसूतीला तीन तास झाले नाहींत तोंच तेथील परिचारिकेनें तिला हातानें चीक काढावयास शिकविलें. यंत्राला तो चिकट, पिवळसर, थेंबाथेंबानें येणारा चीक फारसा मानवत नाहीं. अर्धा नळीलाच चिकटून राहतो. हात आणि चमचा हींच त्याचीं खरीं साधनें. बाहेर बांकावर बसलेल्या मला मोठ्या कौतुकानें ती कमाई दाखविण्यांत आली. चहाचा एक चमचाहि धड भरला नव्हता. माझा चेहरा उतरलेला पाहून परिचारिका हंसली आणि म्हणाली, "आजोबा, पहिल्या दिवशीं एवढेंच येतें, आणि एवढेंच लागतें."

पुढें मला जें कळलें तें असें कीं, वार पडली म्हणजे गरोदरपणीं दुधाला अडवून धरणारा एक रस रक्तांतून ओसरूं लागतो, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास दूध उतरतें. येथवरचा कारभार निसर्ग आपल्या आपण पाहतो. परंतु त्यानंतर त्याचा हिशेब रोखीचा असतो. जेवढें काढाल तेवढें मिळेल. काढावयाचें थांबाल तर येणेंहि थांबेल. म्हणून चोवीस तासांत निदान आठ वेळां, प्रत्येक वेळीं पंधरा-वीस मिनिटें, दूध काढलेंच पाहिजे, आणि त्यांतली एक वेळ मध्यरात्रीनंतरची असलीच पाहिजे, असा हुकूम मुलीला मिळाला. रात्रींची ही सक्ति उगीच नसते. दूध तयार करण्याची आज्ञा जो रस देतो त्याचें नांव प्रोलॅक्टिन. त्याचा जोर रात्रीं अधिक असतो. दोनच्या गजराचा जन्म असा झाला.

यंत्राविषयीं प्रथम माझ्या मनांत अढी होती. गोठ्यांतील कांहींतरी दिवाणखान्यांत आल्यासारखें मला वाटे. मग वाचनाच्या खोडीनें त्याचा इतिहास धुंडाळतां एक मौजेची गोष्ट हातीं लागली. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत अशा एका यंत्राचा शोध एडवर्ड लास्कर या अमेरिकेंत जाऊन राहिलेल्या जर्मन बुद्धिबळपटूनें लावला. (जगज्जेता इमॅन्युएल लास्कर तो निराळा.) व्यवसायानें हा गृहस्थ इंजिनियर होता. त्याच्या यंत्रानें कित्येक अपुऱ्या दिवसांचीं बाळें वांचलीं आणि त्याला स्वतःला पैसाहि चांगला मिळाला. पण मित्र मात्र 'चेस प्लेअर' म्हणावयाचें सोडून त्याला 'चेस्ट प्लेअर' म्हणूं लागले. ही कोटी वाचल्यापासून त्या यंत्राशीं माझें सूत जमलें. आमच्या घरचें यंत्र विजेवर चालणारें होतें. पहिलीं दोन मिनिटें तें भराभर, आंखूड ओढी घेई. मग एकदम संथ होऊन लांब, खोल ओढी घेऊं लागे. बाळहि असेंच करतें. आधीं घाईघाईनें चोखून तें पान्हा मागतें, आणि पान्हा आला कीं सावकाश पितें. शेजारच्या खोलींत पुस्तक घेऊन बसलेल्या मला त्या संथ ओढींत लघु-गुरु, लघु-गुरु असा इंग्रजी कवितेचा ठेका स्पष्ट ऐकूं येई. तीस वर्षें तो ठेका वर्गांत समजावून देतांना मला असें चालतें-बोलतें उदाहरण कधीं मिळालें नव्हतें.

आणि 'पान्हा' हा शब्द! ज्या भाषेवर मीं पोट भरलें तिच्यांत या घटनेला 'लेट-डाउन' म्हणतात, आणि निराशा झाली तरी तोच शब्द वापरतात. आपल्याकडे गाय पान्हावते, आई पान्हावते, आणि मन नसलें कीं गाय पान्हा चोरते. दूध असणें वेगळें आणि तें सुटणें वेगळें, हा भेद आमच्या शेतकऱ्यांनीं या एका शब्दांत फार पूर्वींच करून ठेवलेला आहे. सुटण्याचें काम ऑक्सिटोसिन नांवाच्या दुसऱ्या रसाचें. भीति, वेदना, लाज, घाई यांनीं तो अडतो. बाळाच्या वासानें, रडण्यानें, नुसत्या आठवणीनेंहि तो वाहूं लागतो. रुग्णालयांत असतांना बाळाचें दुपटें मांडीवर घेऊन बसलें कीं यंत्रांत अधिक दूध येतें, असा अनुभव मुलीला आला. यंत्राचें तुतारीच्या तोंडासारखें पात्र आधीं मोठें पडत होतें. तें बदलून मापाचें घेतल्यावर वेदना गेली आणि दूध वाढलें. यंत्र चालूं असतां हातानेंहि हलकेंच चेपीत राहावयाचें, हेंहि ती शिकली. स्टॅन्फर्डच्या डॉ. जेन मॉर्टन यांनीं अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांवर केलेला अभ्यास २००९ सालीं प्रसिद्ध झाला. पहिले तीन दिवस हातानें वरचेवर चीक काढणाऱ्या आणि पुढें यंत्राला हाताची जोड देणाऱ्या आयांना दूध अधिक आलें, असें त्यांत दिसून आलें. पत्नीचा विश्वास मात्र अळिवावर, खसखशीवर आणि शतावरीवर. या पदार्थांनीं दूध वाढतें याला शास्त्राकडे ठाम पुरावा नाहीं, हें मीं एकदां बोलून दाखविलें. त्यावर मला लाडू मिळाला नाहीं.

बाळ घरीं आलें तें बोंडल्यानें दूध पीत. अंगावर घ्यावयाचें, दमलें कीं काढलेलें दूध बोंडल्यानें पाजावयाचें, आणि मग यंत्र लावावयाचें, असा क्रम दर तीन तासांनीं चाले. एक फेरी संपेपर्यंत दुसरीची वेळ येई. मुलीनें फ्रिजच्या दारावर एक कागद लावून त्यावर तक्ता आंखला होता: वेळ, मिनिटें, दूध. रात्रीं बाराला बेरीज. उत्तरपत्रिकांच्या गुणांची बेरीज करण्यांत उभा जन्म गेलेल्या माणसाला असा तक्ता पाहिल्यावर राहवत नाहीं. सोळाव्या दिवशींची बेरीज चारशें ऐंशी मिलिलिटर होती, आणि ती पाहून एखाद्या विद्यार्थ्याला पहिला वर्ग मिळावा तसा मला आनंद झाला.

सतराव्या रात्रीं दोनला मी उठलों. मुलीच्या खोलीचें दार ढकललें. ती एका कुशीवर, तोंड किंचित् उघडें टाकून झोपली होती. एक हात पाळण्याच्या कडेवर तसाच राहिला होता. लहानपणीं तापांतून उठल्यावर ती अशी झोपे. मला हांक मारवेना. बाळ चुळबुळूं लागलें होतें. पत्नी फ्रिजमधलें दूध कोमट करून बोंडलें घेऊन आली. तिनें माझ्याकडे पाहिलें, मीं मान हलविली, आणि आम्ही दोघांनीं बाळाला अलगद बाहेर आणलें. सकाळीं सहाला मुलगी दचकून उठली तेव्हां दूध दाटून छातीचा दगड झाला होता. "मला हांक ऐकूं कशी आली नाहीं?" असें तिनें विचारलें. "तूं गाढ झोपेंत होतीस," असें मीं सांगितलें. वाक्य खरें होतें. उत्तर खोटें होतें. दुसऱ्या रात्रींहि मीं तेंच केलें.

तिसऱ्या दिवशींची बेरीज चारशें तीस आली. चौथ्या दिवशींची तीनशें सत्तर. मुलगी तक्त्यापुढें उभी राहून रडूं लागली. आपण कोठें चुकलों हें तिला उमगेना. आपल्याच्यानें हें होणार नाहीं, बाळाला डब्याचें दूध सुरू करावें, असें ती म्हणूं लागली, तेव्हां मला कबुली द्यावी लागली. ती रागावली नाहीं. रागावली असती तर बरें झालें असतें. डोळे पुसून ती एवढेंच म्हणाली, "बाबा, तुम्हांला वाटलें, मला विश्रांति मिळाली. पण शरीराला कसें कळणार कीं आजोबांना दया आली? त्याला वाटलें, बाळाला आतां रात्रीचें दूध नको."

झालेलें नुकसान भरून निघावयास आठ दिवस लागले. मुलगी रोज एक तास वेगळा काढी: वीस मिनिटें यंत्र, दहा मिनिटें विसांवा, पुन्हा दहा मिनिटें यंत्र, दहा विसांवा, आणि पुन्हा दहा यंत्र. वाढीच्या दिवसांत बाळ जसें पुन्हा पुन्हा अंगावर मागून आईला बेजार करतें, त्याचें हें सोंग. बाळाला उघड्या छातीशीं धरून ती तासन् तास बसे. बेरीज पांचशेंच्या पुढें गेली, आणि दीड महिन्याच्या सुमारास नातीच्या जबड्यांत जोर आल्यावर तक्त्याची गरजच संपली. ओले लंगोट दिवसाला सहा-सात होत आहेत ना, आणि वजन वाढतें आहे ना, एवढें पाहिलें कीं पुरें होतें. कायद्यानें मिळणारी सव्वीस आठवड्यांची रजा संपल्यावर कामाला येईल म्हणून ती आतां सकाळचें एक वेळचें दूध तेवढें काढून गोठवून ठेवते. हें सारें ठीक झालें. परंतु मला सांगावयाचें आहे तें त्या कबुलीच्या दिवसाचें.

मुलीचें तें वाक्य मीं पूर्वीं कोठेंतरी ऐकलें आहे असें मला दिवसभर वाटत राहिलें. संध्याकाळीं यंत्राचे भाग उकळत ठेवले असतां तें आठवलें. कऱ्हाडजवळच्या आमच्या गांवीं आजोबांच्या गोठ्यांत दोन म्हशी होत्या. सुटींत गेलों कीं मी त्यांच्या मागें मागें हिंडे. ते आधीं रेडकूं सोडीत. म्हैस पान्हावली कीं तें बाजूला बांधून धार काढीत. एकदां त्यांनीं माझ्या हातीं कास दिली. माझीं बोटें लवकरच भरून आलीं आणि मीं अर्ध्यावरच चरवी उचलली. आजोबांनीं मला पुन्हा खालीं बसविलें. "कासेंत दूध ठेवूं नये रे. ठेवलेंस तर तिला वाटतें, नको आहे. मग आटते ती." शेवटची धार निपटून काढल्याशिवाय ते उठत नसत, आणि म्हैस विण्याआधीं तिला आटवावयाची असली, तर एक वेळची धार बंद करीत. सांचून राहिलेलें दूधच नव्या दुधाला मज्जाव करतें, हें आज शास्त्रज्ञ सांगतात. मला तें वयाच्या दहाव्या वर्षीं गोठ्यांत सांगितलें गेलें होतें. नंतर मी शिकलों, आणि तें विसरलों.

विसरलों तें कोणत्या वेळीं, हेंहि त्याच क्षणीं आठवलें. १९९६ सालीं आम्ही गिरगांवांत दोन खोल्यांत राहत होतों. हीच मुलगी दोन महिन्यांची होती. संध्याकाळ झाली कीं ती रडूं लागे. अंगावर घेतली तरी पांच मिनिटांत सोडी, आणि पुन्हा मागे. संध्याकाळच्या वेळीं बाळें असें करतात, त्यांत दूध कमी असण्याचा संबंध नसतो. पत्नीची छातीहि आतां पूर्वींसारखी भरून येत नसे. दूध येण्याचें आणि पिण्याचें प्रमाण जुळलें कीं तसें होतेंच, हेंहि तेव्हां आमच्या घरांत कोणाला ठाऊक नव्हतें. माझ्या आईनें आणि शेजारच्या काकूंनीं मिळून निदान केलें: दूध पुरत नाहीं. त्याच शहरांत १९८९ पासून शीव येथील रुग्णालयांत डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनीं काढलेली आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी चालूं होती. विचारावयास गेलों असतों तर कोणी तरी सांगितलें असतें. मी विचारावयास गेलों नाहीं. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानांत गेलों आणि पावडरचा डबा घेऊन आलों. १९९२ च्या कायद्याप्रमाणें त्या डब्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत छापलें होतें कीं आईचें दूध हेंच बाळाला सर्वांत चांगलें. इंग्रजीच्या प्राध्यापकानें तें वाक्य वाचलें, आणि डबा टेबलावर ठेवला.

त्या रात्रीं मूल पांच तास झोपलें, बायको झोपली, आई समाधानानें झोपली. मला आपण फार समंजस नवरा आहों असें वाटलें. मग संध्याकाळची एक बाटली ठरून गेली. मग रात्रींचीहि, म्हणजे शाळेंत शिकविणाऱ्या बायकोला रजा संपल्यावर त्रास नको. प्रत्येक बाटलीनें अंगावरची एक पाळी चुके, आणि प्रत्येक चुकलेल्या पाळीनें दूध थोडें कमी होई; तें कमी झालें म्हणून आम्ही बाटली वाढवीत असूं. चार आठवड्यांनीं आई म्हणाली, "आटलें." तिच्या बोलण्यांत कुचकेपणा नव्हता. पाऊस थांबला म्हणून सांगावें तसें तिनें सांगितलें. डब्याच्या दुधावर माझी मुलगी उत्तम वाढली हें मला नाकारावयाचें नाहीं. प्रसूतींत फार रक्त गेलें, वारेचा तुकडा आंत राहिला, थायरॉइडचा विकार असला, किंवा शरीराची घडणच तशी असली, तर कांहीं आयांना खरोखरच दूध पुरत नाहीं, आणि तेथें तो डबा जीवनदाता आहे. पण माझ्या पत्नीला यांतलें कांहींहि झालेलें नव्हतें. तरी गेलीं तीस वर्षें मुलीला सर्दी झाली, ती परीक्षेंत मागें पडली, कीं ती हळूच म्हणे, "मला दूध नव्हतें ना."

उकळतें पातेलें उतरवून मी वळलों तों पत्नी दाराशीं उभी होती. दुपारचें मुलीचें बोलणें तिनेंहि ऐकलें होतें. मजप्रमाणें तिलाहि हिशेब मांडावयास संध्याकाळ लागली असावी.

"म्हणजे मला दूध होतें," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"डबा मीं आणला होता," मी म्हणालों.

"आणलात तुम्हीं. उघडला मीं."

तिनें चिमटा घेतला आणि यंत्राचा एकेक भाग काढून फडक्यावर पालथा घालूं लागली. मग, माझ्याकडे न पाहतां, तिनें मला एक गोष्ट सांगितली. रजा संपून ती शाळेंत रुजू झाली त्या आठवड्याची. चौथीच्या वर्गांत एक मुलगी पडली आणि रडूं लागली. त्या रडण्याबरोबर हिचा पान्हा सुटला आणि पोलकें ओलें झालें. हिनें पदर ओढून घेतला, मुलीला उचललें आणि तास संपेपर्यंत फळ्याकडे तोंड करून गणितें लिहीत राहिली. घरीं आल्यावर कोणाला सांगितलें नाहीं. आटलें असें ठरून गेलें होतें. तेव्हां हें कांहीं तरी उरलेसुरलें असेल, असें तिनें धरलें.

"मला सांगावयाचें होतेंस," मी म्हणालों.

"सांगून काय केलें असतेंत?"

याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. तिनें फडकें झाकलें. दिवे मालवून आम्ही आडवे झालों. मीं घड्याळ उशाशीं घेतलें होतें, पण त्याची गरज पडली नाहीं. दोन वाजले तेव्हां आम्ही दोघेंहि जागींच होतों. मी उठलों आणि मुलीला हांक मारली.